म्हातारीचा तिसरा गिअर

मी झोपेत बडबडतो, हे माझ्या बायकोला माहीत आहे. काय बडबडतो तेही ती सकाळी सांगते — गाडी मागे घे, चाकाला दगड लाव, कुणी लावली इथे सायकल. पण ही एक गोष्ट झोपेतसुद्धा माझ्या तोंडून कधी निघालेली नाही. इतकी आत दाबून ठेवली आहे. भावांना माहीत नाही, पोरांना माहीत नाही. देवळात गेलो की बाकीच्या चुका सांगतो आणि ही तेवढी गाळतो — जसं काही मी सांगेन तेवढंच देवाला कळतं. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका. मन हलकं करायला सांगत नाहीये. हलकं व्हायला नकोच आहे ते.

मी प्रल्हाद, जळगावजवळच्या असोद्याचा. घरी केळी आणि कापूस, पण बागेत पाणी धरत बसायचा धीर माझ्यात कधीच नव्हता. आधी ट्रकवर गेलो आणि मग टिपरवर — मागचा डबा उचलून खडी-मुरूम ओततात ना, त्या गाडीवर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगाव-धुळे हायवे रुंद करायचं काम चाललं होतं, तेव्हा मी त्या कामावर होतो. त्या वेळचे ड्रायव्हर अजून भेटतात. माझं नाव निघालं की म्हणतात — प्रल्हादभाऊ? तो तर मॅनेजरच्या टेबलावर मूठ आपटणारा माणूस. रागीट, पण सरळ.

सरळ! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मी काय करतो? मान खाली घालून चहा पितो.

राग मला आहेच, आणि तो खोटा नाही. ज्या रस्त्यावरून तुम्ही आज गाणी ऐकत जाता, तो करताना किती ड्रायव्हर मोडले हे कुणी विचारलं का? रोलरवरून घसरून रोलरखालीच पाय गेलेला माणूस मी पाहिला आहे. डब्याचं मागचं फाळकं बंद करताना बोटं गेलेले तर प्रत्येक कामावर सापडायचे. भंगारात घालायच्या गाड्या साईटवर पाठवायच्या, ब्रेकचं तेल मागितलं तर उद्या, टायर मागितला तर पुढच्या महिन्यात. आणि गाडी ठोकली की पहिलं वाक्य ठरलेलं — प्यायला असेल. दुसरं — ड्रायव्हरचीच चूक. अर्धा माणूस केबिनमध्ये चेपलेला असताना त्याच्या तोंडाचा वास घेणारे लोक असतात हो. दिसतील तिथे त्यांची मानगूट धरावीशी वाटते.

त्या दुसऱ्या वाक्याशी मी आयुष्यभर भांडलो. आणि एकदा — एकदाच — ते वाक्य मीच ठेकेदाराच्या हातात दिलं. आयतं.

थांबा. एकदम सांगता येत नाही. आधी खोड म्हणजे काय ते सांगतो.

जुन्या गाडीला खोड असते. एखादी पहिल्या दाबाला ब्रेक घेत नाही, दोनदा दाबावा लागतो. एखादी डावीकडे ओढते. एखादीचा हॉर्न स्टेअरिंग फिरवलं की आपोआप वाजतो. रोज चालवणाऱ्याला ते अंगवळणी पडलेलं असतं, बायकोच्या स्वभावासारखं. म्हणून आमच्यात एक रीत होती. गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की चावी देण्याआधी खोड सांगायची. देणाऱ्याने सांगायची आणि घेणाऱ्याने विचारायची. कुठे लिहिलेलं नव्हतं हे, पण भांडण झालेला ड्रायव्हरसुद्धा तेवढं सांगून मगच तोंड फिरवायचा. एकमेकांच्या आईवरून शिव्या द्या, जेवणाचा डबा पळवा, काहीही करा — खोड लपवायची नाही.

माझ्या टिपरला सगळे म्हातारी म्हणायचे. म्हातारीची खोड तिसऱ्या गिअरमध्ये होती. रिकामी असताना काही नाही, पण भरलेली गाडी उताराला लागली की तिसरा गिअर आपोआप सुटायचा. दांडा खाडकन मधे येऊन पडायचा आणि गाडी मोकळी धावायची. खडीने भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उताराला धरता येत नाही. म्हणून मी ट्रकच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली होती. तिचं एक टोक सीटच्या लोखंडाला आणि दुसरं टोक उताराला लागायच्या आधी दांड्यात अडकवायचं. पट्टी दांडा ओढून धरायची. असा जुगाड करून मी म्हातारी चालवत होतो.

मी तक्रार केली नव्हती का? केली होती. मॅनेजरला सांगितलं, मिस्त्रीला सांगितलं — गिअरबॉक्स उतरवा; पण कुठला गिअर आणि कधी सुटतो, ते त्या दोघांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं. आणि ज्या दिवशी मी सगळ्यांसमोर मॅनेजरशी हुज्जत घालत होतो, त्या दिवशी मागून हिरामण बोलला.

हिरामण धुळ्याकडचा. माझ्याहून थोडा मोठा, उंच, आवाज खणखणीत. अहिराणी बोलायचा आणि बोलला की लोक हसायचे, कारण तो माणूसच हसवणारा होता. गाडी चालवावी तर त्याने. भरलेला टिपर नाल्यावरच्या अरुंद मोरीवरून मागे नेताना सिगारेट पेटवायचा. माझं आणि त्याचं वाकडं नव्हतं. मी त्याच्या 'आहे'च्या जागी येणाऱ्या शे-शेची नक्कल करायचो, तो माझ्या असोद्याच्या बोलण्याची.

तर तो मागून म्हणाला, "पल्हादभाऊ, खोड गाडीले नही ऱ्हास भो, डायव्हरले ऱ्हास!"

म्हणजे खोड गाडीत नाही, माझ्यात. सगळे हसले. मिस्त्री हसला. मॅनेजर तर असा हसला की विषय तिथेच संपला. गिअरबॉक्स उतरवायचं राहिलं ते राहिलंच. आणि त्या दिवसापासून मी दिसलो की कुणीतरी म्हणायचं — काय प्रल्हादभाऊ, खोड कोणाले?

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरून. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं. त्याने माझं काही हिरावून घेतलं नव्हतं. चारचौघांत एक थट्टा केली होती, आणि माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो हाक मारायचा, मी ओ द्यायचो नाही. मला वाटायचं, ये एकदा म्हातारीवर. बस एकदा. मग कळेल खोड कोणाला आहे.

आणि तो बसला.

अखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे दिवस होते. उन्हाने डांबर आपोआप पातळ होत होतं. सणाला अर्धे लोक गावी गेलेले, त्यात पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हरही गेला. हिरामणची गाडी स्प्रिंगचे पाटे बदलायला जळगावला उभी. मॅनेजरने सकाळी फर्मान काढलं — प्रल्हाद टँकर नेईल, हिरामण म्हातारी नेईल.

मी म्हातारीच्या केबिनमधून माझं सामान काढलं. गाडी सोडताना आपलं सामान काढून घेतात, त्यात गैर काही नाही. गणपतीचा फोटो काढला. टॉवेल काढला. पाण्याची पिशवी काढली. आणि अजून एक — नाही, ते थोडं पुढे सांगतो. सांगायचं आहेच, टाळत नाहीये. की टाळतोच आहे? टाळायची सवय लागली की माणसाला ती कळतसुद्धा नाही.

चावी मी गाडीतच ठेवली. हातात दिली नाही. आणि खोड सांगितली नाही.

हे पहिलं. सांगितलं. नुसती चीड येते. एक वाक्य बोलायचं होतं — तिसरा गिअर उतारावर सुटतो. एवढं बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं?

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. हिरामण खदानीतून खडी भरून हायवेला लागला. एरंडोलच्या अलीकडे एका नाल्याकडे उतरणारा लांब उतार होता. खाली मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी एसटी उभी — माणसं चढत-उतरत होती, सणाची गर्दी, बायका, पोरं, डोक्यावर बोचकी. उताराच्या मध्यावर गिअर सुटला असणार. त्याने ब्रेक दाबला असणार, पुन्हा गिअर टाकायचा प्रयत्न केला असणार. पाहणारे सांगत होते, हॉर्न सारखा वाजत होता. एसटीपर्यंत येता येता त्याने गाडी डावीकडे घातली आणि मोरीच्या दगडी कठड्यावर नेऊन आदळली. एसटीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ते सगळे उतरून बघायला आले. आणि त्यातलाच कुणीतरी म्हणाला — प्यायला असेल.

मी टँकर घेऊन पोचलो तेव्हा त्याला बाहेर काढणं चाललं होतं. केबिन पुढून आत दबली होती, स्टेअरिंग छातीवर, आणि उजवा पाय पत्र्यात कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं. पहारी घातल्या, जॅक लावला. मीही पहार धरली. लोक नंतर म्हणाले, प्रल्हादभाऊने स्वतःच्या हाताने पत्रा फाडला. फाडला, खरं आहे. हातातून रक्त आलं माझ्या. त्या रक्ताची लोकांनी किती आठवण ठेवली! कुणी मला विचारलं नाही की गिअरचा दांडा कुठे आहे ते तू आधी का पाहिलंस. तो मधेच होता. मोकळा.

हिरामणला जीपमध्ये घालून जळगावला सिव्हिलमध्ये नेलं. आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, सगळे ड्रायव्हर उभे असताना मॅनेजरने मला विचारलं, "प्रल्हाद, गाडी देताना तिसऱ्या गिअरचं तू त्याला सांगितलं होतंस ना?"

बघा, प्रश्न कसा होता. सांगितलंस का, असं नाही. सांगितलं होतंस ना. त्याला हो हवं होतं. मी सांगितलं असेल तर दोष हिरामणचा, गिअरबॉक्स न उतरवणाऱ्याचा नाही. मलाही हो हवं होतं. मी, जो या माणसाच्या टेबलावर मूठ आपटत आलो, तो त्या क्षणी त्याच्याच बाजूला जाऊन उभा राहिलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "सांगितलं होतं."

ड्रायव्हर लोकांनी सुस्कारा सोडला. रीत मोडली नव्हती ना! गाडी देणाऱ्याने सांगितलं होतं. मग हिरामणनेच ऐकलं नाही, हिरामणलाच मस्ती, सिगारेट पेटवत गाडी मागे नेतो म्हणजे काय. त्याच्यावर जीव टाकणारी माणसं अर्ध्या तासात त्याची मस्ती आठवायला लागली.  माझ्या हाताला कुणीतरी फडकं बांधत होतं.

पाय मांडीपासून काढावा लागला. डोक्याला मार होता, बरेच दिवस माणसं ओळखत नव्हता. ओळखायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, अपघाताचा दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला आहे, परत येईल असं नाही. हे ऐकून मला काय वाटलं, सांगू? मला बरं वाटलं. देवा — बरं वाटलं मला! एक माणूस पाय गमावून पडला आहे, आणि त्याची आठवण गेली म्हणून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात सुटकेचा श्वास घेतला. रॉकेल ओतून स्वतःला पेटवावं असा तो श्वास होता.

मी त्याला भेटायला गेलो. जायलाच हवं होतं, नाहीतर लोक काय म्हणाले असते? केळीची फणी घेऊन गेलो. त्याची बायको — सुमनवहिनी — उशाशी बसली होती. हिरामणने हाताने मला जवळ बोलावलं. मग म्हणाला, "पल्हादभाऊ, माले काहीच याद नही. बठ्ठा म्हनतस, तू माले सांगेल व्हतं. सांगेल व्हतं का भो?"

सगळे त्याला तसंच सांगत होते. मी होकारार्थी मान हलवली.

"कसं सांगेल व्हतं? बोल ना. म्हंजे माले याद ई."

आता हे ऐका. इथे मी नुसतं हो म्हणून उठू शकलो असतो. पण तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, विहिरीत पडलेल्या माणसाने दोराकडे बघावं तसा. आणि मी — मी त्याला सगळं रचून सांगितलं. माझ्या असोद्याच्या बोलीत, अगदी खरं वाटेल असं.

"पुढच्या चाकापाशी उभा व्हता तू," मी म्हणालो, "हातात चहाचा ग्लास. मी तुले म्हटलं, तिसरा गेर उतारावर सुटते, दांडा सोडू नको. तू म्हणे, बरं बरं."

चहाचा ग्लास! तो ग्लास कुठून आणला मी? कुणी मागितला होता? खोटं बोलताना ते सजवायची हौस माणसाला कुठून येते?

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते, आतल्या आत तो ते चित्र जुळवत होता. मग म्हणाला, "मंग मनीच चुकी शे. तुनी गाडी मोडी टाकी मी. माफ करजो भो."

त्याने माझी माफी मागितली. म्हातारी मोडल्याबद्दल. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं — राहू दे, होतं असं.

वहिनी रडत होती. रडता रडता एकदम उसळली आणि नवऱ्यावर ओरडली, "तुमले सांगेल व्हतं ना! मंग कसा इसरनात?" ते वाक्य ती पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहिली. घरात काही अडलं, पोराची शाळा अडली, पावसात गळणारं छप्पर अडलं, की तिच्या तोंडी तेच. आणि तो मान खाली घालून ऐकायचा. ते दोघं माझ्या वाक्यावरून भांडत जगले. मी कधीतरी त्यांच्या घरी असतानाही हे झालेलं आहे. मी मध्ये पडून म्हणायचो, जाऊ द्या वहिनी. मोठा समजूतदार माणूस!

ठेकेदाराने हात झटकले, हे सांगायला नको. ड्रायव्हरला माहिती दिलेली होती, असं तो म्हणाला, आणि भरपाईचा विषय मिटला. पुढे मी ड्रायव्हर लोकांची संघटना उभी केली. सभेत उभा राहिलो की माझ्या डोळ्यांत रक्त उतरायचं. मी ओरडायचो, हिरामणसारख्या माणसाचा पाय गेला, कुणी विचारलं त्याला? एकदा बोलणी चालली असताना मॅनेजर शांतपणे म्हणाला, "प्रल्हाद, त्याला सांगितलं होतं हे तूच म्हणालास."  मग मी काय केलं? आवाज चढवला. टेबलावर मूठ आपटली. तीच ती मूठ, जिची लोक अजून आठवण काढतात. ते म्हणतात, हिरामणसाठी किती पेटला होता प्रल्हादभाऊ! हिरामणसाठी एक शब्द पुरे होता. तो मी दिला नाही आणि बाकीचं गाव डोक्यावर घेतलं.

आता ते राहिलेलं सांगतो. केबिनमधून सामान काढताना मी फोटो काढला, टॉवेल काढला, पाण्याची पिशवी काढली — आणि ट्यूबची पट्टी काढली. सीटच्या लोखंडाची गाठ घट्ट बसली होती. नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. म्हणजे विसरलो, घाईत होतो, रागात बोलायचं राहून गेलं — असलं काही नाही. गाठ सुटायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी थांबू शकलो असतो. तोंडात रबराची चव होती आणि मी मनात म्हणत होतो, घे आता. दाखव तुझी डायव्हरी.

पट्टी तिथे असती तर हिरामणने ती पाहिली असती. त्याच्यासारख्या ड्रायव्हरला सांगायची गरजसुद्धा पडली नसती. पट्टी बघूनच त्याने ओळखलं असतं की हा दांडा सुटतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर काढली.

एसटीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. मोरीचाही नाही. मला वाटलं होतं, गिअर सुटेल, त्याची थोडी तंतरेल, घाम फुटून परत येईल, आणि मग मी सगळ्यांसमोर म्हणेन — काय हिरामण, खोड कोणाले? माझी सगळी मजल तेवढीच होती. पण हे मी बचाव म्हणून सांगत नाही. भरलेला टिपर उतारावर मोकळा सुटला की काय होतं, हे माझ्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं?

वर्षं गेली. हिरामणने गावच्या फाट्यावर पानाची टपरी टाकली. कुबडी घेऊन उभा राहायचा आणि गाडीवाल्यांना हसवायचा. धुळ्याला जाताना मी दर वेळी थांबायचो, केळी द्यायचो. न थांबता गेलो असतो तर बरं झालं असतं, पण तेवढंही धैर्य माझ्यात नव्हतं. त्याच्या टपरीवर थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो आपला पाय दाखवायचा आणि सांगायचा — गाडी घेताना खोड विचारा आणि सांगितलेलं लक्षात ठेवा, मी विसरलो. स्वतःला उदाहरण म्हणून तो रोज उभा करत होता. मी तिथे असलो तर माझ्याकडे बोट करायचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याचा मुलगा बापू टिपरवर लागला. बापाने किती मना केलं, ऐकलं नाही. पहिल्या दिवशी गाडी हातात यायच्या आधी हिरामणने त्याला माझ्यासमोर उभं केलं. मला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं. वहिनीने चहा केला. बापू हात बांधून उभा, आणि हिरामण कुबडीवर रेलून त्याला सांगत होता.

"गाडी हातमा लेवाना आगोदर खोड इचारी लेजो. अन् सांगेल ध्यानमा ठेवजो. मी इसरनू तसं करू नको. या मानूसनी माले बठ्ठं सांगेल व्हतं. मी चाकपाशी उभा व्हतू, हातमा चहाना गिलास. यानी मना खांदावर हात ठेवा अन् बोलना, हिरामण, तिसरा गेर उतारवर सुटस, जपीसन जाय."

खांद्यावर हात! तो मी दिलेला नव्हता. चाक मी दिलं होतं, ग्लास मी दिला होता, पण हा हात त्याने स्वतः घातला होता. जपून जा हेही त्याचंच. माझं खोटं त्याने इतकी वर्षं जवळ बाळगलं आणि मला त्यात चांगला माणूस करून टाकलं. बापूने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी त्याला आशीर्वाद दिला. ग्लासातला चहा सगळा प्यायलो.

हिरामण अजून आहे. टपरी आहे. मी हे त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे, त्याला नाही — हे नीट लक्षात घ्या, आणि मला धीट समजू नका.

आणि खरं काय झालं होतं, ते सांगून थांबतो. त्या सकाळी मी पट्टी खिशात घालून खाली उतरलो आणि टँकरकडे निघालो. हिरामण माझ्या मागे आला. त्याने विचारलं होतं. घेणाऱ्याने विचारायची रीत, ती त्याने पाळली होती. मी बोलणं टाकलेलं असूनही आला आणि म्हणाला, "काय खोड शे का भो तुनी म्हातारीले?"

मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "खोड गाडीले नसते. डायव्हरले असते."

तो हसला. त्याला वाटलं असेल, चला, फिटली थट्टा, आता हा बोलायला लागेल. आणि हात — हात खरंच ठेवला गेला होता. सगळा दिवस पुसला गेला, तरी तेवढं त्याच्या डोक्यात कुठेतरी राहिलं आहे, उलटं होऊन. हात त्याचा होता आणि खांदा माझा होता. "राग सोडी दे भो," म्हणाला.

मी खांदा झटकला आणि टँकरवर चढलो.